आधी माणूस, मग यंत्र
(संगणकीय साधने कशी घडवावीत, याविषयी एका धान्य-व्यापाऱ्याचे चार शब्द)

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस लेख लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही नम्रपणे नकारच दिला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते बऱ्हाणपूरच्या बाजारात ज्वारी, गहू, मका व हरभरा यांच्या पोत्यांत. लेखणी हाती धरली ती खतावणीपुरतीच. परंतु मंडळींचा आग्रह मोडवेना; आणि दुसरे असे की, काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीवर घडलेला एक प्रसंग सभासदबंधूंच्या कानी घालावा, असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते. त्या प्रसंगात चूक आमची स्वतःची आहे. ती झाकून हा लेख लिहिता येणार नाही, म्हणून ती सांगूनच विषयास आरंभ करतो.

आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि बहुतेकांच्या गादीशेजारी संगणक. भाव पाहणे, चुकारा करणे, मालाच्या वाहतुकीची कागदपत्रे काढणे, कराची विवरणपत्रे भरणे, ही सारी कामे आता काचेच्या पडद्यावर होतात. त्या पडद्यावर कोणते अक्षर कोठे असावे, कोणती गोष्ट आधी विचारावी व कोणती नंतर, माणूस चुकला तर त्यास कोणत्या शब्दांत सांगावे, याचा विचार करणारी एक स्वतंत्र विद्या आहे. इंग्रजीत तिला ‘यूझर एक्स्पीरियन्स डिझाइन’ म्हणतात. आपण तिला ‘अनुभव-रचना’ म्हणू. साधन वापरणाऱ्याला ते वापरताना काय अनुभव येतो, हे आधी पाहून मग साधन घडवावयाचे, एवढाच तिचा अर्थ. ही विद्या असते हे आम्हांस ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानापायी आम्ही एका सज्जनाचा अपमान केला.

1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हिशेब संगणकावर नेण्याची घाई सगळ्या बाजारात सुरू झाली. पुढच्या वर्षी आम्हीही एका विक्रेत्याकडून हिशेबाचे सॉफ्टवेअर विकत घेतले. आमच्या पेढीवर वडिलांच्या काळापासून एक मुनीमजी आहेत. गाडी दारात लागली की शेवटचे पोते काट्यावरून उतरण्याच्या आत त्यांची चिठ्ठी तयार असावयाची. चाळीस वर्षांत त्यांच्या रोजमेळात पैशाची तफावत राहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्याच मुनीमजींच्या हातून संगणकावर रोज चुका होऊ लागल्या. कधी बारदान वजा होत नसे, कधी हमाली दोनदा लागे, कधी केलेली नोंदच सापडत नसे.

दिवाळीपूर्वीचे दिवस होते. मक्याच्या गाड्यांची दारात रांग लागली होती. अशा वेळी एका शेतकऱ्याची चिठ्ठी पडद्यावरून पुसली गेली आणि त्याचा चुकारा दुसऱ्याच्या नावे निघाला. शेतकऱ्याने आरडाओरड केली. आमचा तोल सुटला. हमाल, शेतकरी आणि परगावचे दोन व्यापारी यांच्यादेखत आम्ही म्हणालो, ‘मुनीमजी, आता आपले वय झाले. जे कालच्या पोरांना जमते, ते आपल्याला का जमू नये?’ मुनीमजी काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, गल्ल्याच्या किल्ल्यांचा जुडगा गादीवर ठेवला आणि जोडे घालून ते पेढीची पायरी उतरले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही आले नाहीत.

त्याच सुमारास आमची भाची दिवाळीसाठी आली होती. ती मुंबईस हीच विद्या शिकली व तेथेच नोकरीस आहे. आमचे गाऱ्हाणे तिने शांतपणे ऐकून घेतले. आम्हांस वाटले, आता ही संगणकापुढे बसून काहीतरी दुरुस्ती करील. ती म्हणाली, ‘मामा, मला ते सॉफ्टवेअर आत्ता दाखवू नका. आधी मुनीमकाकांकडे घेऊन चला.’

आम्ही ओशाळलेल्या मनाने तिला मुनीमजींच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी आमचे आगत-स्वागत नेहमीप्रमाणेच केले, त्यामुळे तर आम्हांस अधिकच लाज वाटली. भाचीने त्यांना एवढेच विचारले, ‘काका, संगणक नव्हता तेव्हा तुम्ही चिठ्ठी कशी करत होता, ते मला करून दाखवाल का?’ मुनीमजींनी कागद घेतला. आधी शेतकऱ्याचे नाव व गाव, मग पोती, मग भरतीचे वजन, मग बारदान वजा, मग भाव, मग हमाली व तोलाई, आणि शेवटी अदा रक्कम. भाचीने तो क्रम जसाच्या तसा टिपून घेतला. पुढील दोन दिवस पेढीवर येऊन बसण्याची तिने त्यांना विनंती केली. ते आले, ते आमच्यासाठी नव्हे, तिच्या शब्दाखातर.

दोन दिवस ती काट्याशेजारी एका स्टुलावर बसून होती. कोणास शिकवीत नव्हती, सुधारीत नव्हती. पाहत होती आणि लिहीत होती. तिसऱ्या दिवशी तिने आमच्यापुढे आपली वही उघडली. जी गोष्ट मुनीमजी शेवटी विचारीत, ती सॉफ्टवेअर प्रथम विचारीत होते. एका चिठ्ठीसाठी सात निरनिराळ्या खिडक्या उघडाव्या लागत, आणि बारदानाची जागा पाचव्या खिडकीत, अगदी खाली, जेथे नजर पोचत नाही अशा ठिकाणी होती. नोंद राखण्याचे बटण आणि नोंद पुसण्याचे बटण एकमेकांना चिकटून, एकाच रंगाचे व एकाच आकाराचे होते. त्यांवरील अक्षरे इंग्रजी आणि मोहरीएवढी. मुनीमजी काटा पाहण्यास उठले व दोन मिनिटे परतले नाहीत, तर पडदा आपोआप बंद होई आणि भरलेले सर्व नाहीसे होई. आणि चूक झाली की लाल अक्षरांत इंग्रजी आकडा येई. चूक कोणती व ती कशी दुरुस्त करावी, हे कोठेही सांगितलेले नसे.

ती म्हणाली, ‘मामा, मुनीमकाका चुकले नाहीत. चूक त्यांच्या पुढ्यात आधीच मांडून ठेवलेली होती.’

हे वाक्य ऐकून आमच्या मनास काय वाटले, ते येथे लिहीत नाही. परंतु त्या दिवसापासून या विद्येविषयी आम्ही तिला खोदखोदून विचारू लागलो. जे समजले ते व्यापाऱ्याच्या भाषेत वाचकबंधूंपुढे ठेवतो.

या विचाराचे एक मोठे आचार्य म्हणजे अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन. 1988 साली त्यांनी रोजच्या वापरातील वस्तूंच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात दाराचे उदाहरण आहे. दारास ओढावयाची मूठ बसवलेली असते आणि दार मात्र ढकलावे लागते. माणूस ओढतो, दार उघडत नाही आणि तो मनात स्वतःलाच वेडा ठरवतो. नॉर्मन यांचे म्हणणे असे की, ज्याने तेथे ओढण्याची मूठ बसवली तो चुकला. पुढे 1993 साली ते अ‍ॅपल कंपनीत गेले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हुद्द्यातच ‘यूझर एक्स्पीरियन्स’ हे शब्द घातले, आणि तेथून ते जगभर रूढ झाले.

शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्या घरची आहे. चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्या देशात हिंडले आणि 1958 साली त्यांनी सरकारास एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वांत अधिक वाखाणलेली वस्तू कोणती असेल? आपला साधा लोटा! त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यावयाचा, भरलेला असता व रिकामा असता त्याचा तोल कसा राहील, धार कशी पडेल, आतून घासता कसा येईल, किंमत काय पडेल, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या लोट्याविषयी उभे केले. लोटा कोणा एका माणसाने घडवलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांच्या हातून तो सुधारत गेला, असे त्यांचे तात्पर्य होते. त्या अहवालानंतर 1961 साली अहमदाबादेस नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था उभी राहिली. 1969 साली पवई येथील आय.आय.टी.मध्ये औद्योगिक रचना केंद्र निघाले, आणि महाराष्ट्रातील मुलामुलींना ही विद्या घराजवळ उपलब्ध झाली.

आता अनुभव-रचनेची कार्यपद्धती पाहू. लोट्यास घडण्यास शतके मिळाली. फोनवरील साधनास काही महिनेच मिळतात. म्हणून जे काम पिढ्यांनी केले ते थोड्या काळात जाणूनबुजून करावे लागते. त्याच्या पायऱ्या स्थूलमानाने पाच आहेत. पहिली, वापरणाऱ्या माणसास त्याच्या कामाच्या जागी जाऊन पाहणे. दुसरी, त्याची खरी अडचण एका वाक्यात मांडणे. तिसरी, उपायाचे कच्चे चित्र काढणे. चौथी, ते चित्र त्याच माणसाच्या हाती देऊन तो कोठे अडतो हे पाहणे. पाचवी, सुधारणा करून पुन्हा त्याच्याकडे जाणे. ही फेरी काम समाधानकारक होईपर्यंत चालू ठेवावयाची. या पद्धतीस 1999 साली आंतरराष्ट्रीय मानकाचे रूपही मिळाले आहे.

पहिली पायरी दिसते सोपी, पण तीच लोक गाळतात. वापरणारा एकच असतो असेही नाही. 14 एप्रिल 2016 रोजी केंद्र सरकारने ई-नाम ही राष्ट्रीय कृषी बाजाराची संगणकीय व्यवस्था 8 राज्यांतील 21 मंड्यांत सुरू केली. तिच्यात मंडीच्या फाटकावर गाडीची नोंद करणारा निराळा, मालाची प्रत तपासणारा निराळा, बोली लावणारा व्यापारी निराळा, तोल करणारा निराळा, आणि ज्याचा माल आहे तो शेतकरी निराळा. फाटकावरच्या माणसामागे गाड्यांची रांग उभी असते, व्यापाऱ्यास भावाची घाई असते, शेतकऱ्यास आपल्या ढिगाचा क्रमांक व रक्कम एवढेच समजावयाचे असते. या सर्वांना एकच पडदा देऊन चालत नाही. दर एकाच्या जागी काही वेळ उभे राहिल्यावाचून हे रचनाकारास कळणार कसे?

दुसऱ्या पायरीवर आमच्या भाचीने लिहिलेले वाक्य आम्ही जपून ठेवले आहे. ‘काट्यावर नजर असलेल्या आणि गाडीवाल्याशी बोलत असलेल्या मुनीमजींना, जागेवरून न हलता, एका खिडकीत, आपल्या नेहमीच्या क्रमाने चिठ्ठी करता आली पाहिजे.’ आमचे वाक्य याहून निराळे होते. आम्ही म्हणत होतो, ‘मुनीमजींना संगणक शिकवला पाहिजे.’ निदानच चुकले तर औषध कितीही महाग आणले तरी गुण येत नाही.

तिसऱ्या पायरीवर तिने संगणकास हातही लावला नाही. साध्या कागदावर पेन्सिलीने खिडकी काढली, चौकोन आखले, बटणांच्या जागी कागदाचे तुकडे चिकटवले. आम्ही हसलो. ती म्हणाली, ‘कागदावरची चूक खोडरबराने जाते; बांधून झालेल्या सॉफ्टवेअरमधली चूक काढायला पैसे पडतात.’ घर बांधणारा भिंत उभी करण्याआधी चुन्याने आखणी करतो, त्यातलाच हा प्रकार.

चौथ्या पायरीवर तिने ती कागदी खिडकी पाच जणांपुढे ठेवली: मुनीमजी, एक तरुण कारकून, हमालांचे मुकादम, आमचा मुलगा आणि आम्ही स्वतः. पाचच का, असे विचारता तिने सांगितले की, जेकब नील्सन नावाच्या तज्ज्ञाने 2000 साली असे प्रतिपादन केले आहे की, पहिल्या पाच जणांतच बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात. एकदम पुष्कळ माणसे बसवण्यापेक्षा पाच जणांकडून पाहून सुधारावे व पुन्हा पाच जणांकडे जावे, हे अधिक फायद्याचे.

येथे एक गंमत झाली. मुनीमजी कागदावर बोट ठेवीत सरळ पुढे गेले, पण उचल घेतलेल्या शेतकऱ्याच्या खात्यापाशी येऊन थांबले. त्यांचे बोट डावीकडे गेले, परत आले, पुन्हा डावीकडे गेले. भाचीने इंग्रजी पद्धतीप्रमाणे नावे डावीकडे व जमा उजवीकडे काढली होती. आपल्या देशी वहीत जमा डावीकडे असते व नावे उजवीकडे. चाळीस वर्षे ज्या डोळ्यांनी जमा डावीकडे पाहिली, ते डोळे तिकडेच जाणार! भाचीने लगेच बाजू बदलल्या आणि हसून म्हणाली, ‘पाहिलंत? दोन दिवस बसून पाहिलं तरी माझं हे सुटलंच.’ शिकलेला माणूससुद्धा चुकतो. म्हणूनच ही चौथी पायरी ठेवलेली आहे, हे त्या दिवशी आमच्या ध्यानी आले.

सभासदबंधूंस हे सर्व नवे खूळ वाटू नये, म्हणून दोन-चार दाखले देतो. आपल्या गादीवरील कॅल्क्युलेटर घ्या व शेजारी फोन ठेवा. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत 7, 8, 9 आहेत; फोनवर वरच्या ओळीत 1, 2, 3. रोज दोन्ही वापरूनही आमच्या हे कधी लक्षात आले नव्हते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बटणांचा टेलिफोन तयार करताना जॉन कार्लिन यांच्या विभागाने आकड्यांच्या अनेक मांडण्या करून पाहिल्या आणि लोकांना प्रत्यक्ष क्रमांक लावावयास बसवून वेग व चुका मोजल्या. त्या प्रयोगांचा वृत्तांत 1960 साली प्रसिद्ध झाला, आणि 1963 साली तो टेलिफोन लोकांच्या हाती आला. आज जगभर फोनवर तीच मांडणी आहे.

दुसरा दाखला आपल्या नाण्यांचा. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे 64 पैसे जाऊन 100 झाले. जुना पैसा व नवा पैसा एकाच वेळी बाजारात फिरणार, तेव्हा गोंधळ होऊ नये म्हणून नाण्यावर ‘नया पैसा’ असेच कोरले. लोकांना सवय झाल्यावर 1964 साली ‘नया’ हा शब्द काढून टाकला. आमच्या लहानपणी पाच पैशांचे नाणे चौकोनी व दहा पैशांचे कंगोरेदार असे. अंधारातही बोटांना ते ओळखू येई. आमचे वडील दिवा नसता गल्ल्यात हात घालून मोड काढीत, ते आम्हांस अजून आठवते.

तिसरा दाखला दुकानोदुकानी टांगलेल्या क्यूआर चौकोनाचा. 1994 साली जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीने तो मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी काढला. पूर्वीच्या रेघांच्या खुणेत माहिती थोडी मावे, म्हणून कामगारांना एकाच खोक्यावरील अनेक खुणा वाचाव्या लागत. त्यांचा तो त्रास पाहून मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा चौकोन रचला. त्याच्या तीन कोपऱ्यांत जी चौकटी दिसते, तिच्यामुळे फोन कसाही तिरपा धरला तरी तो वाचला जातो. पुढे आपल्याकडे 2016 साली राष्ट्रीय भुगतान निगमाने यूपीआय सुरू केले आणि हा चौकोन भाजीवाल्याच्या हातगाडीपर्यंत पोचला. पण भाजीवाल्याचे हात ओले, समोर चार गिऱ्हाइके. तो फोन पाहणार केव्हा? म्हणून रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी पेटी निघाली. त्याच्या डोळ्यांचे काम कानांवर सोपवले गेले. आणि ज्यांच्याजवळ इंटरनेट नसलेला साधा बटणांचा फोन आहे, त्यांच्यासाठी 8 मार्च 2022 रोजी ‘यूपीआय 123 पे’ ही सोय करण्यात आली.

चौथा दाखला आपल्या मराठीचा. फोनवर देवनागरी लिहिणे हे पूर्वी मोठे दिव्य होते. कोणते अक्षर कोठे दडले आहे ते पाठ करावे लागे. पवईच्या त्याच रचना केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक तयार केला. आपण शाळेत ज्या क्रमाने क, ख, ग, घ शिकलो, त्याच वर्णमालेच्या क्रमाने त्यात व्यंजने मांडली आहेत. ‘क’वर बोट ठेवले की त्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते आणि बोट हव्या त्या बाजूस सरकवले की अक्षर तयार होते. वापरणाऱ्याने लहानपणी जे शिकून ठेवले आहे, त्याचाच उपयोग करून घ्यावा, नवे ओझे घालू नये, हे त्यामागील सूत्र. आमच्या कुटुंबातील वडीलधाऱ्या स्त्रियाही आता नातवंडांना मराठीत निरोप लिहितात.

आपल्या गावचा कुंडी भंडारा या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहराकडे आणले गेले आणि वर ओळीने कुंड्या ठेवल्या. उतार किती ठेवावा, बोगदा कोठून न्यावा, ही सर्व अवघड विद्या जमिनीखाली राहिली. वर पाणी भरणाऱ्यास बोगद्याचे ज्ञान असण्याची गरज पडली नाही. दोर सोडला की पाणी मिळे. उत्तम साधन असेच असते. अवघड भाग करणाऱ्याने आपल्याकडे ठेवावा आणि वापरणाऱ्याकडे सोपा तेवढाच भाग द्यावा.

परंतु नाण्यास दुसरी बाजूही आहे. माणसाचा हात, डोळा व स्वभाव ओळखणारी विद्या त्यास फसवण्यासाठीही वापरता येते. ‘फक्त दोनच शिल्लक’ असे खोटेच लिहून घाई करणे, गिऱ्हाइकाने न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणे, वर्गणी घेताना दार मोकळे ठेवून बंद करताना दहा खिडक्या फिरवणे, हे प्रकार सर्रास चालतात. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा 13 फसव्या रचनांची यादी करून त्यांस मनाई करणारे नियम जाहीर केले. आपल्यापैकी अनेकांची मुले आता फोनवरून माल विकतात. त्यांस आमचे सांगणे एवढेच की, आपल्या वडिलांनी खोट्या मापास चोरी मानले. फसवे बटणही खोटे मापच होय.

असो. आता आमच्या पेढीचा वृत्तांत पुरा करतो. ती कागदी खिडकी घेऊन आम्ही विक्रेत्याकडे गेलो. त्याने प्रथम ‘शेठजी, सवय होईल’ असे सांगून आमची बोळवण केली. तेव्हा बाजारातील आणखी काही पेढ्यांना बरोबर घेऊन आम्ही पुन्हा गेलो. सर्वांची तक्रार एकच निघाली. जो तो आपल्या मुनिमास दोष देत घरी बसला होता. अखेर काही महिन्यांनी नवी खिडकी आली. तीत सर्व काही आमच्या मनासारखे झाले असे नव्हे. अक्षरे मोठी व देवनागरी झाली, क्रम बदलला, पुसण्याचे बटण दूर गेले आणि पुसण्यापूर्वी ते विचारू लागले. पडदा आपोआप बंद होण्याची खोड मात्र अद्याप पुरती गेलेली नाही.

परंतु नव्या खिडकीच्या आधी आम्हांस एक काम करावयाचे होते. त्या दिवाळीस वहीपूजनाच्या वेळी हमाल, मुकादम, कारकून सर्व जमले होते. ज्यांच्यादेखत आम्ही बोललो होतो, त्यांच्यादेखत आम्ही मुनीमजींपुढे हात जोडले आणि म्हणालो, ‘मुनीमजी, त्या दिवशी चूक आमची होती. क्षमा करा.’ मुनीमजी क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, ‘शेठजी, किल्ल्या द्या. गल्ला उघडायचा आहे.’

मुनीमजी आता वयोमानाने आठवड्यातून दोनच दिवस येतात. नव्या पोरांस चिठ्ठी संगणकावर कशी करावी हे तेच शिकवतात. संध्याकाळी मात्र आपली कीर्द हाताने लिहितात, आणि आम्ही त्यांस ती सोडावयास सांगत नाही.

सभासदबंधूंस शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी पेढीसाठी एखादे सॉफ्टवेअर अगर फोनवरील साधन घ्याल, तेव्हा विक्रेत्याचे भाषण ऐकून व किंमत ठरवून सौदा पुरा करू नका. त्यास विचारा की, हे घडवण्यापूर्वी तुम्ही कोणत्या मुनिमाशेजारी बसला होता? चूक झाली तर हे आमच्या भाषेत सांगेल काय? केलेली नोंद चुकून पुसली तर परत मिळेल काय? आणि पैसे देण्यापूर्वी ते आठ दिवस आपल्या पेढीवर, ऐन गर्दीच्या वेळी, जो ते रोज वापरणार आहे त्याच्या हाती द्या. मालकाने गादीवर बसून पसंत केलेले साधन आणि कारकुनाने काट्याशेजारी उभे राहून वापरावयाचे साधन, यांत पुष्कळ अंतर असते. आणि त्यानंतरही आपला माणूस अडखळला, तर त्याजवर रागावण्यापूर्वी त्याच्या शेजारी स्टूल ओढून थोडा वेळ बसा. आम्ही बसलो नाही, म्हणून हा लेख लिहावा लागला.